परत कोबी?

आधीच कबूल करून टाकते. तो मेसेज माझाच होता. रविवारी सकाळी साडेआठला, हातात चहाचा मग, समोर उघडलेली पिशवी आणि तिच्यात सलग चौथ्या आठवड्यात कोबी. तोही कसा, तर पानांना भोकं पडलेला, मुठीपेक्षा जरा मोठा. मी ग्रुपवर टाकलं, ‘परत कोबी?’ आणि पुढे डोळे फिरवणारा तो पिवळा गोळा. पाच मिनिटांत अकरा अंगठे. कुणीतरी लिहिलं, ‘कोबी मंच्युरियन पार्टी?’ हशा. नंतर दोघांनी शांतपणे विचारलं, की पुढच्या हप्त्याचे पैसे भरले नाहीत तर चालेल ना?

दुपारी शेतावरून दादांचं उत्तर आलं. ‘ताई, एकदा आठवडाभर राहायलाच या. कोबीचं काय ते समक्ष बघा.’

अप्रेझल आटोपलं होतं, सुट्ट्या लॅप्स होणार होत्या आणि गोव्याला जायचा प्लॅन नेहमीप्रमाणे ग्रुपवरच मेला होता. म्हटलं, चला.

आमची भानगड काय आहे ते आधी सांगते. पुण्यातली आम्ही तीसेक घरं. इंदापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला आम्ही बारा आठवड्यांचे पैसे आधी देतो. त्या बदल्यात दर रविवारी पहाटे आमच्या पार्किंगमध्ये भाजीची पिशवी येते. काय येणार हे आम्ही ठरवत नाही, शेत ठरवतं. जोरात पीक आलं तर पिशवी फुगते, मार बसला तर सुकते. पैसे तेवढेच. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी अशी थेट जोडी जमवली, तिला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये पहिली अशी शेतं उभी राहिली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’नं हाच फंडा आणला. आपल्या जिल्ह्यात मुळशीच्या ज्ञानेश्वर बोडके यांच्या अभिनव फार्मर्स क्लबनं पुण्यातल्या घरांपर्यंत थेट भाजी पोचवून दाखवली. आणि एकमेकांच्या रानात राबायची आपली सावड, इर्जिक? कल्पना काही परकी नाही. फक्त पूर्वी सावड बांधाच्या पलीकडच्याशी असायची, आता शंभर किलोमीटर लांबच्या फ्लॅटवाल्याशी आहे. आणि फ्लॅटवाला भाजीकडे बघून तोंड वाकडं करतो.

म्हणून रविवारीच, रिकामे क्रेट घेऊन परत निघालेल्या छोट्या हत्तीत मी ड्रायव्हरशेजारी बसले. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ. सोलापूर रोड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो आपण पंढरपूर नाहीतर हैदराबादला जाताना झोपेत पार करतो. भिगवणला वळून बारामतीच्या दिशेनं थोडं गेलं आणि डांबरी सोडून आत शिरलं, की मग ऊस, ऊस, तुटलेल्या उसाचं पाचट, परत ऊस. मध्येच ज्वारीचं मोकळं झालेलं रान. आणि त्या सगळ्यात चौकोनी रुमाल टाकावा तसा एक एकराचा हिरवा तुकडा. कडेला कडुनिंब ऐन मोहरात. वास असा की वाटलं गाडीतलं एअर फ्रेशनर फेकून द्यावं.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, थोडक्यात आपला एक बऱ्यापैकी टू बीएचके. तर चाळीस टू बीएचके एवढ्या जागेत तीस घरांची भाजी. ऐकायला ऐसपैस वाटतं. सोमवारी सकाळी सहाला दादांबरोबर सगळ्या वाफ्यांवरून फिरून आले तेव्हा कळलं की त्यातले निम्मे ‘फ्लॅट’ या घडीला रिकामे आहेत.

मधले दिवस

सोमवार हा मोजणीचा वार. दादांच्या हातात दोनशे पानी वही. प्रत्येक वाफ्यापाशी थांबायचं, वाकायचं, पान उलटून बघायचं आणि शनिवारी यातून काय निघेल ते लिहायचं. आमच्या ऑफिसात याला फोरकास्टिंग म्हणतात आणि त्यासाठी तीन माणसं लागतात.

‘हे बघा ताई, मेथी.’ बघितलं. कमरेएवढी नाही, पण गुडघ्याला येईल एवढी वाढलेली, शेंगा धरलेली. ‘गेली. ऊन लागलं की ती फुलावर जाते. आता बियाला.’ कोथिंबीर तशीच, पांढरी फुलं डोलत होती. फोटो मस्त आला. पिशवीत शून्य. फ्लॉवर संपलेला. मटार, गाजर कधीचेच संपलेले. पालकाची शेवटची कापणी. तिकडे भेंडी वीतभर, गवार त्याहून लहान, दोडक्याचे वेल तारेकडे बघतायत पण अजून चढले नाहीत.

आपल्याला वाटतं, वसंत म्हणजे बहर. कवितेत असेल. इथं फाल्गुन संपताना थंडीच्या भाज्या मान टाकतात आणि उन्हाळ्याच्या भाज्यांना अजून महिना असतो. त्या मधल्या चार-पाच आठवड्यांत उभं काय राहतं? थोडा दुधी. चाकवत असला तर. कांदा. आणि कोबी, जो नोव्हेंबरात जास्तीचा लावून ठेवला होता, नेमका याच दिवसांसाठी. म्हणजे मी ज्याच्यावर डोळे फिरवले तो खरं तर आमचा विमा होता.

‘मग मार्केटमधून चार भाज्या आणून घालायच्या ना पिशवीत,’ मी म्हटलं. ‘कोणाला कळणार होतं?’

वहिनी खुरपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आम्हाला कळलं असतं की.’

यावर काय बोलणार. मी खुरपं मागितलं. दहा मिनिटांत त्यांनी ते परत घेतलं, कारण मी तणाबरोबर भेंडीही उपटत होते.

चाळीस मिनिटांची मोटर

या तालुक्यात आठवडा सोमवार-मंगळवारनं मोजत नाहीत हे मला मंगळवारी रात्री समजलं. तो मोजतात लाईटनं आणि पाण्यानं. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळी ठरलेली. त्या आठवड्यात रात्रीची होती. साडेअकराला बॅटरी घेऊन आम्ही विहिरीवर. खाली वाकून उजेड टाकला तर पाणी एवढं खाली, की त्यात पडलेलं चांदणंही अंधुक दिसावं. मोटर सुरू झाली. दादा घड्याळ लावून बसले. चाळीस मिनिटांनी पाइप गुरगुरला, हवा ओढायला लागला, मोटर बंद. आता विहीर पाझरून परत भरेपर्यंत थांबायचं. तीनला पुन्हा उठायचं, पुन्हा चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटांत ड्रिपनं सगळं रान भिजत नाही. म्हणून रोज ठरवावं लागतं, आज कोणाला पाजायचं. भेंडीला की गवारीला? पालक सोडून द्यायचा का? ते दोघं अंधारात हलक्या आवाजात हे बोलत होते. मी लॅटरलवर वाकून बंद पडलेले ड्रिपर टाचणीनं मोकळे करत होते. तेवढं जमत होतं.

‘कालव्याला कधी येणार पाणी?’ मी विचारलं.

‘तुम्हीच सांगा,’ दादा हसले. ‘पुण्यात ठरतंय ते.’

मंडळी, इथं जरा थांबते, कारण हा भाग मला स्वतःला ठाऊक नव्हता आणि मी जन्मानं पुणेकर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चार धरणं. चारही मिळून साठवण २९.१५ टीएमसी. आपण आंघोळ करतो ते हे पाणी. पण ही धरणं फक्त आपल्या शॉवरसाठी नाहीत. खडकवासल्यातून एक कालवा निघतो. सिंहगड रोडच्या बाजूनं शहरातून जातो, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दांडेकर पुलाजवळ ज्याची भिंत फुटून घरांत पाणी शिरलं होतं तोच हा. पुढे हडपसर, दौंड करत करत दोनशे किलोमीटरच्या आसपास वाहून तो शेवटी इंदापूर तालुक्यात येऊन संपतो. हे शेत त्या शेवटच्या टप्प्यात. इथले लोक त्याला ‘टेल’ म्हणतात. टेलला पाणी सगळ्यात शेवटी येतं, आणि वरच्यांनी जास्त घेतलं की येतच नाही.

उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते. धरणात उरलं किती, शहराला पावसाळ्यापर्यंत ठेवायचं किती, शेतीला आवर्तन द्यायचं की नाही आणि द्यायचं तर किती दिवसांचं, हे तिथं ठरतं. दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात हेडिंग येतं, ‘पुणेकरांना दिलासा, पाणीकपात टळली’. दर वर्षी वाचलंय. दर वर्षी मी पण दिलासा घेतलाय. त्याच बातमीचा दुसरा अर्धा भाग विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकायला मिळतो.

दादांनी भेंडी आणि गवार लावली ती उन्हाळी आवर्तन येईल या भरवशावर. आलं, तर विहिरीचा पाझर वाढणार, मेभर पिशवी भरणार. नाही आलं तर काय, हे मी विचारलं नाही. ते बुधवारी आपसूक कळलं.

समोर समुद्र

बुधवारी दुपारी रानात काम नसतं. ऊन असं असतं की कोंबड्याही क्रेटखाली जाऊन बसतात. शेजारचा मुलगा मला बाइकवरून उजनीच्या काठाला घेऊन गेला. कुंभारगावला होडी मिळते. पक्षी बघायचे तर थंडीत या असं सगळे सांगतात, पण मार्चअखेरीसही रोहित होते. गुलाबी रेघ ओढल्यासारखे, उथळ पाण्यात मान खाली घालून. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. एकही हॉर्न नाही, हे लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. नंतर भिगवणला मच्छी थाळी. चिलापी. तिखट इतकं की बाजूच्या टेबलवरच्या काकांनी न मागता आपलं ताक माझ्याकडे सरकवलं.

पाणी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं मंदिर उजनीतून वर येतं. धरण झालं, गाव हललं, मंदिर तिथंच राहिलं. शिखरावर चढून फोटो काढणारे दर वेळी दिसतात. तिथल्या एका आजीबाईंसाठी मात्र ते मंदिर वर येणं म्हणजे वाईट वर्ष. फोटोत ते येत नाही.

उजनीची साठवण ११७ टीएमसी. आपल्या चारही धरणांच्या चौपट. शेतापासून ते पाणी काही फार लांब नाही, पण उचलून आणायचं तर परवाना, पाइपलाइन, विजेचं बिल. आणि त्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याचा हक्क मोठा. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी द्यायचं ठरलं होतं. हिशेब ऐका: पुण्याकडून नदीतून उजनीत येणारं जे सांडपाणी, त्यातलं पाच टीएमसी. सोलापुरात आंदोलन पेटलं आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. सोलापूरकरांचीही शेतं कोरडीच असतात. पण मला त्या हिशेबातली आपली जागा दिसली. धरणातलं चांगलं पाणी वर आपण घेतो आणि मुळा-मुठेतून खाली जे पाठवतो, त्याच्यावर दोन तालुके भांडतात.

संध्याकाळी परत आले तर दादांचे थोरले बंधू आले होते. आप्पा. दोघं ओसरीवर. आप्पा माझ्याकडे बघून बोलत होते पण ऐकवत धाकट्या भावाला होते.

‘ताई, तुम्हीच सांगा याला. ऊस लाव म्हणतो मी. जुलैत आडसाली लावायची, दीड वर्षानं कारखाना येतो, तोडतो, नेतो. पैसे हप्त्यानं का होईना, बँकेत. ना वही, ना रात्रीची जागरणं, ना तुमच्या मेसेजची कटकट.’

ती कटकट कोणाची, हे आप्पांना माहीत नव्हतं. दादांना होतं. ते गप्प राहिले याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

‘उसाला पाणी जास्त लागतं ना पण?’ मी विषय वळवला.

‘लागतं. पण ऊस दम धरतो हो. महिनाभर तहान काढतो, वाळतो, पानी आलं की परत उठतो. तुमची कोथिंबीर दोन दिवस काढंल का?’

मला हे इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. आपण चॅनेलवर ऐकतो, ऊस पाणी पितो, शेतकऱ्यांनी ऊस सोडावा. खरं आहे. पण पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसेल, तर माणूस तेच पीक धरणार जे वाट बघू शकतं. शिवाय ते घ्यायला सोमेश्वर आहे, माळेगाव आहे, भवानीनगरचा छत्रपती आहे. भाजीला घ्यायला कोण आहे? एकदा दादा बाराशे जुड्या कोथिंबीर घेऊन एका मोठ्या बाजारात गेले होते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता घरी येताना खिशात जे उरलं, त्यात वहिनींसाठी घ्यायचं ठरलेलं पातळ आलं नाही. पोरांसाठी भेळ आली. ते ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात.

मार्ग नाहीतच असं नाही. २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, शहरांत संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. याच तालुक्यातल्या भोडणीचे सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे भाऊ कॉर्पोरेट नोकऱ्या सोडून गावी आले, सेंद्रिय शेती केली आणि खपली गहू, तूप असं थेट ग्राहकांना विकून मोठा ब्रँड उभा केला. पण गहू, तूप टिकतं. डब्यात भरून ठेवता येतं. पालकाला शनिवार संध्याकाळ ते रविवार सकाळ एवढंच आयुष्य.

बारामतीला एक चक्कर

गुरुवारी दादा बारामतीला निघाले, मी मागे. बारामती म्हटलं की आपल्याला एकच विषय सुचतो, तो मी टाळते. (मोरोपंतही इथलेच, हे शाळेत घोकलेलं मात्र आठवलं.) शहर चकाचक, रुंद रस्ते, कऱ्हेचा काठ. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, जानेवारीत तिथं ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं आणि अख्खा महाराष्ट्र बघायला येतो. भाजीपाल्यासाठी नेदरलँड्सच्या सहकार्यानं उभं राहिलेलं केंद्रही तिथंच. आणि आयटीवाल्यांनो, कॉलर ताठ करा किंवा खाली घाला: उसात एआय वापरायचा बारामतीचा प्रयोग एवढा गाजला की २०२५ च्या सुरुवातीला खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं नाव घेतलं. सेन्सर, सॅटेलाइट, मोबाइलवर सल्ला. दादा सगळं वाचून आहेत. म्हणाले, ‘पानी किती द्यायचं ते मशीन बरोब्बर सांगतंय. पानी येणार कधी ते सांगणारं निघालं की मी पहिला घेणार.’

रोपवाटिकेत मिरची-वांग्याची रोपं ट्रेमध्ये तयार होती. हिरवीगार, एकसारखी, हात लावावा अशी. उन्हाळी लागणीसाठी न्यायची होती. दादा पाच मिनिटं ट्रेपाशी उभे राहिले. एक रोप अलगद वर काढून मुळं बघितली, परत ठेवलं. मग म्हणाले, ‘चला, चहा घेऊ.’ रोपं घेतली नाहीत. मी काही विचारलं नाही. चहा गोड होता, बास.

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, ‘आमचं दोघांचं ठरलंय. मेपर्यंत बघायचं. घरं वीसच्या खाली आली तर आप्पा म्हणतो ते करायचं.’

आम्ही तीस होतो. त्या रविवारच्या मेसेजनंतर पंचवीस झालो होतो.

शुक्रवारचं विशेष काही नाही. जीवामृत ढवळलं. पिवळे चिकट सापळे बदलले, हाताला तो डिंक दोन दिवस राहिला. ढग आले, सगळ्यांचे चेहरे पडले. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीच्या आठवणी निघाल्या. ढग गेले.

शनिवार

शनिवारी चारपर्यंत सगळं शांत आणि मग जे सुरू होतं ते आमच्या रिलीजच्या रात्रीपेक्षा कमी नसतं. ऊन कललं की आधी फळभाज्या, पालेभाजी अगदी शेवटी, दिवे लागताना. वहिनी, आत्या, शेजारच्या दोघी जणी ओळीनं बसल्या. दुधी देठासकट कापायचा. पालक मुळाला धरून उपटायचा नाही, कापायचा. जुडी बांधायला केळीचा सोप. ओलं बारदान अंथरून त्यावर जुड्या उभ्या रचायच्या, वरून पुन्हा ओलं बारदान. वजनकाटा ओसरीवर, मध्ये एक बल्ब, भोवती किडे.

मला काम मिळालं कोबीचं. बाहेरची भोकाची पानं काढायची. मी दोन काढली, तिसरी काढली, आतलाही एक भोकाचा थर होता, चौथं काढायला गेले तर आत्यांनी हात धरला. ‘अगं पोरी, असं सोलत गेलीस तर घरी नेशील काय? दांडा?’ सगळ्या खळाळून हसल्या.

पिशवीत त्या आठवड्यात होतं: कोबी एक, दुधी एक, पालकाची छोटी जुडी, कांदे किलोभर, कडीपत्ता आणि चिंचेचा गोळा. चिंच बांधावरच्या झाडाची, वहिनींनी घरासाठी फोडून ठेवलेली. पिशवी हलकी वाटली म्हणून त्यांनी ती सगळ्यांत घातली. वहीत ती लिहिलेली नव्हती.

पहाटे तीनला गाडी निघाली. सहाला पार्किंग. नेहमी मी आठला खाली उतरते. त्या दिवशी मी पिशव्या लावत उभी होते, नखांत माती. लोक आले. मी प्रत्येकाला विहिरीची गोष्ट सांगायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात दोघांनाच सांगता आली. एकाला मॅरेथॉनला जायचं होतं, एकीचं बाळ रडत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवी उघडली, चिंच बघितली आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, नवी चिंच!’ बी-विंगमधल्या मित्राने पिशवी घेतली, पण म्हणाला, ‘पुढच्या वेळी मी नाही गं. ॲपवर दहा मिनिटांत सगळं येतं.’ मला राग आला नाही. चार रविवारांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

ग्रुपवर मी वहीच्या पानाचा फोटो टाकला. सोमवारचं पान, प्रत्येक वाफ्यापुढे आकडा, आणि अनेकांपुढे ‘०’. खाली एवढंच लिहिलं, की कोबी नोव्हेंबरात आपल्यासाठी जास्तीचा लावला होता. सोडून गेलेल्यांपैकी एक घर परत आलं. दोन नवी आली. एक गेलं. सत्तावीस.

पाणी त्याच्या पुढच्या आठवड्यात आलं. बैठक झाली, आवर्तन सुटलं, आणि टेलला पोचायला जेवढे दिवस लागायचे तेवढे लागले. एके रात्री पावणेदोनला दादांचा व्हिडिओ आला. अंधार, बॅटरीचा गोल उजेड, त्यात चारीतून येणारं गढूळ पाणी, पुढे ढकलत आणलेला पालापाचोळा. आवाज वहिनींचा होता, ‘आलं का? आलं?’ मिरचीची रोपं त्यांनी दुसऱ्या दिवशी आणली. घरं वीसच्या वर राहिली म्हणून की पाणी आलं म्हणून, ते मला विचारता आलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर हा पट्टा वीकएण्डला सहज होतो. स्वारगेटहून बारामतीला दिवसभर एसटी आहेत; गाडी असेल तर सोलापूर रोडनं भिगवण शंभरेक किलोमीटर. मुक्कामाला कृषी पर्यटन केंद्रं आहेत, पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीपासून ही कल्पना राज्यभर नेली. मोरगावचा गणपती वाकडी वाट करून होतो. बारामतीहून इंदापूरला जाताना बेलवडी लागतं, तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं ते. आषाढात तो रस्ता वेगळाच असतो. मार्च-एप्रिलमध्ये जाल तर टोपी आणि पाण्याची बाटली, बाटली घरून भरून. आणि कुठल्या शेतावरून भाजी घेत असाल तर गॅलरीत पडलेले रिकामे क्रेट आठवणीनं परत न्या. आमच्या सोसायटीत सात निघाले.